लोग, हिन आणि बथ: हिब्रू मापं आजच्या कपा-चमच्यांत कशी बसवायची

पेसाहच्या, म्हणजे यहुदी वल्हांडण सणाच्या, रात्री, सेदेर नावाच्या विधीच्या जेवणात, द्राक्षारसाचे चार पेले प्यायचे असतात. प्रत्येक पेल्यात निदान एक ‘रेविईत’ मावलं पाहिजे असा नियम आहे. रेविईत म्हणजे किती? एका घरात उत्तर मिळेल ८६ मिलिलिटर, शेजारच्या घरात १५० मिलिलिटर. दोन्ही घरं सारखीच श्रद्धाळू, दोन्हीकडचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, सारखेच विद्वान आणि दोघांचे ग्रंथही तेच. तरी एका पेल्यात जवळजवळ दुप्पट फरक पडतो.

हा प्रश्न मराठी घरांतही नवा नाही. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले बेने इस्राएल, म्हणजे इथले यहुदी, मराठीच बोलत आले. १८४६ साली मुंबईत त्यांच्यासाठी सेदेरची पोथी, म्हणजे हग्गादा, मराठी भाषांतरासह छापली गेली. वाइन नसेल तर मनुका भिजवून केलेल्या सरबतावर किद्दूश, म्हणजे पेल्यावरचा आशीर्वाद, म्हणणाऱ्या या घरांतही पेल्याचं माप लागतंच. शिवाय मराठी बायबल वाचणाऱ्या कुणालाही ‘हिनाचा चतुर्थांश’, ‘एफाचा दशमांश’, ‘लोगभर तेल’ हे शब्द वारंवार भेटतात. बहुतेक जण ते वाचून पुढे जातात. मला वाटतं तिथे थांबायला हवं. त्या आकड्यांत पीठ सैल होतं की घट्ट, माणूस पोटभर पीत होता की तहानलेला राहत होता, हे सगळं लिहिलेलं आहे.

मापांची साखळी आधी पक्की करून घेऊ. सगळ्यात सोयीचं एकक म्हणजे ‘लोग’. एका लोगात सहा अंडी मावतात, म्हणजे सहा अंड्यांच्या आकारमानाइतकी जागा. लोगाचा पाव भाग म्हणजे रेविईत, अर्थात दीड अंडं. चार लोगांचा एक काब. बारा लोगांचा एक हिन. सहा हिनांचा, म्हणजे ७२ लोगांचा, एक बथ. दहा बथांचा एक कोर. ही झाली द्रवाची बाजू. धान्या-पिठाच्या बाजूला सहा काबांचा, म्हणजे २४ लोगांचा, एक सआ. तीन सआंचा एक एफा. आणि एफाचा दहावा भाग म्हणजे ओमेर. एफाही ७२ लोगांचाच. यहेज्केल संदेष्ट्याने ४५व्या अध्यायात बजावलंच आहे की एफा आणि बथ एकाच मापाचे असावेत आणि दोन्ही होमेराचा (हे कोराचंच दुसरं नाव) दहावा भाग असावेत. त्यामुळे तेल बथात मोजलं काय आणि पीठ एफात मोजलं काय, दोन्ही लोगांत आणून शेजारी शेजारी ठेवता येतात.

या साखळीतल्या प्रमाणांवर फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो लोगात किती मिलिलिटर धरायचे यावर. आपल्याकडे चार शेरांची पायली हे सगळ्यांना पाठ होतं, पण एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असं नव्हतं; इथेही अगदी तेच झालं आहे. म्हणून कुठलंही जुनं प्रमाण हाती आलं की ते थेट लिटरमध्ये नेऊ नये. आधी सगळं लोगांत आणावं. निम्मं काम तिथेच होतं.

एक उदाहरण करून पाहू. निर्गम २९:४० मध्ये रोजच्या होमाच्या कोकराबरोबर एफाचा दहावा भाग सपीठ आणि त्यात हिनाचा चतुर्थांश कुटून काढलेलं तेल सांगितलं आहे. एफाचा दहावा भाग म्हणजे ७.२ लोग पीठ. हिनाचा चतुर्थांश म्हणजे ३ लोग तेल. ७.२ ला ३ म्हणजेच १२ ला ५. एक कप तेलाला जवळजवळ अडीच कप पीठ. लोग ३०० मिलिलिटरचा असो की ६०० चा, हे प्रमाण जराही हलत नाही. घरी छोट्या प्रमाणात करून बघायचं तर एक कप तेल, दोन कप पीठ आणि वर आणखी कपाचे दोन पंचमांश, म्हणजे साधारण सहा मोठे चमचे पीठ. एवढं तेल म्हणजे कणीक मळायची नव्हे, जवळजवळ ढवळायची गोष्ट झाली.

आता गणना १५ मधलं मेंढ्याचं प्रमाण घ्या: दोन दशमांश पीठ आणि हिनाचा तिसरा भाग तेल, म्हणजे १४.४ लोग पिठाला ४ लोग तेल. बैलासाठी तीन दशमांश पीठ आणि अर्धा हिन, म्हणजे २१.६ लोगांना ६. दोन्हीकडे दर दशमांशाला दोन लोग तेल पडतं, कोकराच्या वेळी मात्र तीन. तल्मूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, एका नियमाचं कारण देताना म्हटलं आहे की बैल-मेंढ्यांबरोबरचं पीठ घट्ट असतं आणि कोकराबरोबरचं सैल, म्हणून ते एकमेकांत मिसळू नये. आपण नुसता भागाकार करून त्याच जागी पोहोचलो, आणि तेही एकाही मिलिलिटरचा आधार न घेता! मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त आनंद इथे होतो.

पण पेला भरायचा असेल तर मिलिलिटर लागतातच. ते काढायच्या तीन वाटा परंपरेतच आहेत आणि गोंधळ त्या तिन्हींमुळे झाला.

पहिली वाट अंड्याची. लोगात सहा अंडी, तर अंड्याचं आकारमान काढलं की झालं. पण अंडं कुणाचं, केवढं? मिश्ना या रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात रब्बी येहूदा म्हणतात, सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान अंडं पाण्यात घाला, सांडलेलं पाणी अर्धं करा, ते मध्यम अंडं. त्यावर रब्बी योसे विचारतात: सर्वांत मोठं कोणतं आणि सर्वांत लहान कोणतं हे मला कोण सांगणार? पाहणाऱ्याच्या अंदाजानेच घ्यावं. सुमारे १८०० वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ग्रंथात मोजमापाची ही अडचण इतक्या स्वच्छ शब्दांत मांडलेली आहे.

दुसरी वाट अंगठ्याची. तल्मूद सांगतो की रेविईत म्हणजे दोन अंगठे लांब, दोन अंगठे रुंद आणि दोन अधिक अर्धा अधिक एक पंचमांश अंगठा खोल अशी जागा. २ गुणिले २ गुणिले २.७, म्हणजे १०.८ घन-अंगठे. हा विचित्र आकडा येतो शुद्धिस्नानाच्या कुंडावरून. मिकवेमध्ये निदान ४० सआ पाणी हवं आणि ते एक हात लांब, एक हात रुंद, तीन हात उंच जागेत मावतं. एका हाताचे २४ अंगठे, म्हणजे तीन घन-हातांचे ४१,४७२ घन-अंगठे. ४० सआंमध्ये रेविईत ३,८४०. भागाकार करा, उत्तर बरोबर १०.८ येतं. अंगठ्याची रुंदी २ सेंटिमीटर धरली तर रेविईत ८६.४ मिलिलिटर होतो. ती २.४ सेंटिमीटर धरली तर १४९.३. अंगठ्याच्या रुंदीत अवघा चार मिलिमीटर फरक, पण तो तीन वेळा गुणला जातो. सुरुवातीच्या दोन घरांतला वाद मुळात या चार मिलिमीटरचा आहे.

तिसरी वाट वजनाची. रंबाम, म्हणजे बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहिलेले मोशे बेन मैमोन, यांनी रेविईतभर पाण्याचं वजन अंदाजे २७ दिरहम सांगितलं.

अठराव्या शतकात प्रागचे रब्बी येहेझ्केल लांडाऊ यांनी अंड्याचा आणि अंगठ्याचा हिशोब शेजारी ठेवला, तेव्हा अंगठ्याने काढलेलं माप अंड्याने काढलेल्या मापाच्या दुप्पट निघालं. दोन्ही नियम खरे मानायचे तर काहीतरी बदललं असलं पाहिजे. माणसाचे अंगठे वाढले म्हणण्यापेक्षा अंडी लहान झाली असं त्यांनी ठरवलं. विसाव्या शतकात ‘हाझोन ईश’ या नावाने प्रसिद्ध असलेले रब्बी अव्राहाम येशाया कारेलित्स (१८७८–१९५३) यांनी हीच मोठ्या मापाची बाजू घेतली: रेविईत सुमारे १५० मिलिलिटर. जेरुसलेमचे रब्बी अव्राहाम हाइम नाए (१८९०–१९५४) यांनी रंबामच्या २७ दिरहमांना आपल्या काळच्या ३.२ ग्रॅमच्या दिरहमाने गुणलं आणि ८६.४ मिलिलिटर हा आकडा दिला. लक्षात ठेवायला सोपी खूणही आहे. हिब्रू अक्षरांना संख्यामूल्य असतं. ‘कोस’ म्हणजे पेला, त्याची बेरीज ८६ येते, आणि ‘कोस हागून’ म्हणजे साजेसा पेला, त्याची १५०.

ही झाली घरातल्या धर्माचरणाची बाजू. इतिहास वाचणाऱ्याला निराळे पुरावे लागतात. यहूदा राज्यातल्या जुन्या वस्त्यांमध्ये, तेल बेत मिर्सिमला आणि लाखीशला, रांजणांचे असे तुकडे सापडले आहेत ज्यांवर ‘बथ’ असं कोरलेलं आहे. लाखीशच्या तुकड्यावर तर ‘राजाचा बथ’. अडचण अशी की हे रांजण अखंड नाहीत. तुकड्यांवरून आकार अंदाजून बथ सुमारे २२ लिटरचा धरला जातो. त्याच काळातले, हिज्कीया राजाच्या वेळचे, ‘राजाचे’ अशी मोहोर असलेले मोठे रांजण साधारण ४५ लिटरचे भरतात, म्हणजे जवळपास दोन बथ. तेही सगळे एकसारखे नाहीत, कुणी काही लिटर कमी तर कुणी जास्त. कुंभाराच्या चाकावर घडलेली वस्तू ती, एवढा फरक राहणारच.

दुसरा साक्षीदार योसेफस. पहिल्या शतकातला हा यहुदी इतिहासकार रोमन वाचकांसाठी लिहीत होता, म्हणून त्याने मापं त्यांना समजतील अशी बदलून दिली. बथ म्हणजे ७२ सेक्स्टारियस, असं तो म्हणतो. रोमन सेक्स्टारियस सुमारे ५४६ मिलिलिटरचा, तेव्हा बथ ३९ लिटरांच्या थोडा वर जातो. हिन म्हणजे अथेन्सचे दोन खोअस, असंही तो सांगतो. त्यावरून हिन साडेसहा लिटरचा येतो आणि त्याची सहापट पुन्हा ३९. त्याचा हिशोब आपापसांत जुळतो.

मग २२ खरे की ३९? मला वाटतं दोन्ही, आपापल्या काळात. सातशे-आठशे वर्षांत माप बदललं असं मानायला परंपरेतच आधार आहे. मिश्ना सांगते की जेरुसलेमचे पाच सआ म्हणजे रानातले, मोशेच्या काळचे, सहा सआ. पुढे गालीलातल्या सिप्पोरीचं माप तेवढंच आणखी मोठं झालं. म्हणून एका सआत रानातल्या मापाने १४४ अंडी, जेरुसलेमच्या मापाने सुमारे १७३ आणि सिप्पोरीच्या मापाने सुमारे २०७ अंडी. नाव तेच राहिलं, भांडं मोठं झालं. जुन्या ग्रंथात सआ दिसला की तो कुठल्या गावचा, हे पाहिल्याशिवाय गुणाकार करू नये.

शलमोनाच्या मंदिरातल्या पितळी गंगाळावरूनही पडताळा घेता येतो. १ राजे ७ मध्ये त्याचा व्यास दहा हात, उंची पाच हात आणि त्यात २,००० बथ पाणी मावत असे असं दिलं आहे. हात ४५ ते ५२ सेंटिमीटरचा आणि गंगाळ सरळ उभ्या भिंतींचं धरलं तर ३६ ते ५५ हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे बथ १८ ते २८ लिटरच्या दरम्यान. ३९ लिटरचा बथ त्या गंगाळात बसतच नाही. मात्र २ इतिहासात त्याच गंगाळाला ३,००० बथ सांगितले आहेत. तल्मूद याचा मेळ असा घालतो की २,००० हे द्रवाचे आणि ३,००० हे कोरड्या जिनसाचे, कारण कोरड्या मापावर शीग चढते आणि ती एकूण मापाच्या एक तृतीयांश असते. ओट्याजवळ उभं राहून पिठाचा कप शीग लावून भरायचा की वर सुरी फिरवून सपाट करायचा, हा प्रश्न तिथपर्यंत जातो. आजच्या पाककृतीत कप सपाटच धरतात. जुन्या मजकुरात मात्र द्रव की कोरडं हे आधी बघावं.

आता प्रत्यक्ष कप-चमचे. मोठा चमचा १५ मिलिलिटर, छोटा चमचा ५. कप बाजारात दोन तऱ्हेचे मिळतात, २४० आणि २५० मिलिलिटरचे. खालचे हिशोब २४० च्या कपाचे आहेत. मोशेच्या पुस्तकांतलं किंवा राजांच्या काळातलं काही वाचत असाल तर बथ २२ लिटरचा धरा. मग लोग साधारण ३०५ मिलिलिटरचा, म्हणजे सव्वा कप आणि वर छोटा चमचाभर, हिन ३.७ लिटरच्या आसपास. नव्या कराराच्या काळासाठी योसेफसचं माप घ्या: लोग सव्वादोन कप, हिन साडेसहा लिटर. लूक १६ मधल्या ऋणकऱ्याचं ‘शंभर बथ तेल’ मग ३,९०० लिटर होतं. कुठल्याही घरासाठी हे भलंमोठं कर्ज आहे आणि ते निम्मं करून लिहायला सांगणाऱ्या कारभाऱ्याने किती मोठी सूट दिली, हे त्यावरून उमगतं.

घरच्या धर्मविधीसाठी मात्र उत्खननाचा किंवा योसेफसचा आकडा वापरू नये. तिथे आपल्या घराण्याची रीत किंवा आपल्या रब्बींचं मत हाच आधार. नाए यांच्या मताने लोग ३४६ मिलिलिटर, म्हणजे एक कप आणि सात मोठे चमचे. रेविईत पाच मोठे चमचे, दोन छोटे चमचे आणि वर थोडंसं. हाझोन ईश यांच्या मताने लोग अडीच कप, रेविईत सरळ दहा मोठे चमचे. सेदेरआधी पेला एकदा पाण्याने भरून ते पाणी मोजून घेतलं की चारही पेल्यांची काळजी मिटते. पेल्यात पूर्ण रेविईत मावायला हवा. त्यातला निम्म्याहून अधिक पिणं आवश्यक, सगळा प्यायला तर उत्तम.

एका हिशोबात दोन मतं मिसळू नका. तेल एका मताने आणि पीठ दुसऱ्या मताने मोजलं तर वर काढलेलं १२ ला ५ हे प्रमाणच मोडतं, आणि खात्रीची गोष्ट तेवढीच होती. दशांशचिन्हापुढचे आकडेही पाककृतीत आणू नका. ३४५.६ मिलिलिटर लिहिलं की फार अचूक वाटतं, पण मूळ अंडंच ५७ मिलिलिटरचं की १०० चं यावर एकमत नाही. गुणाकार पूर्ण होईपर्यंत दशांश ठेवा आणि शेवटी जवळच्या पाव कपावर या.

कधी मात्र लिटर आणि ग्रॅम दोन्ही काढल्याशिवाय अर्थ लागत नाही. निर्गम ३० मधल्या अभिषेकाच्या तेलात एक हिन जैतुनाच्या तेलाला गंधरस, दालचिनी, सुगंधी बोरू आणि तज मिळून १,५०० शेकेल मसाला आहे. उत्खननात सापडलेल्या वजनांवरून शेकेल ११.३ ग्रॅमच्या आसपासचा, म्हणजे सुमारे १७ किलो मसाला आणि पावणेचार लिटरही नाही एवढं तेल. तल्मूदमध्ये रब्बी योसे हाच आक्षेप घेतात की एवढं तेल मसाल्याच्या मुळांना नुसतं चोळायलाही पुरणार नाही. त्यांचं उत्तर असं: मसाला पाण्यात भिजवायचा, वर तेल ओतायचं, तेलाने सुगंध ओढून घेतला की वरचं तेल काढून घ्यायचं. हे तेल घरी करून बघू नये. तशी मनाई त्याच अध्यायात आहे.

यहेज्केल ४ मधला वेढ्याचा शिधा वाचताना तर हे गणित मनाला लागतं. दिवसाला २० शेकेल अन्न आणि हिनाचा सहावा भाग पाणी. म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम भाकर आणि दोन लोग, जेमतेम अडीच कप पाणी. तेही जेरुसलेमच्या कोरड्या हवेत.

राहिलं पीठ. पीठ जुन्या काळी आकारमानाने मोजत, आज आपण वजनाने मोजतो, आणि पीठ किती दाबलं, किती चाळलं यावर वजन बदलतं. रंबामच्या हिशोबात रेविईतभर पाणी २७ दिरहम आणि रेविईतभर पीठ १८ दिरहम, म्हणजे पीठ पाण्याच्या दोन तृतीयांश वजनाचं. कणकेतून ‘हल्ला’, म्हणजे धर्मासाठीचा वाटा, काढून ठेवण्याचा नियम ४३.२ अंड्यांइतक्या पिठाला लागू होतो; ही अंडी म्हणजे तोच एफाचा दशमांश, ७.२ लोग. नाए यांच्या अंड्याने हे पीठ अडीच लिटरला किंचित कमी भरतं. त्याचे दोन तृतीयांश म्हणजे सुमारे १ किलो ६७० ग्रॅम, आणि या मताची घरं आजही आशीर्वाद म्हणून हल्ला काढण्यासाठी एवढंच पीठ घेतात. हाझोन ईश यांच्या मताने आकारमान ४.३ लिटर होतं, पण रूढ आकडा सव्वादोन किलोचा आहे. दोन तृतीयांशाने गुणलं असतं तर पावणेतीन किलोच्या वर गेलं असतं. आजचं दळलेलं, चाळलेलं पीठ त्यापेक्षा हलकं भरतं, म्हणून हा फरक. त्यामुळे पीठ वजनाने घेणार असाल तर आपलंच पीठ एकदा लिटरच्या मापात सपाट भरून काट्यावर ठेवा आणि तो आकडा डब्यावर लिहून ठेवा. गव्हाची जात बदलली किंवा गिरणी बदलली, की पुन्हा मोजा.